हस्तक्षेप, लष्करी

हस्तक्षेप, लष्करी : एखाद्या सार्वभौम राष्ट्राच्या संमतीवाचून, किंवा तेथील एखाद्या गटाच्या संमतीचे निमित्त करून, दुसऱ्या राष्ट्राने तेथील शासन, धोरण वा सरहद्द बदलण्यासाठी अथवा आहे तशी टिकविण्यासाठी आपले सैन्य घुसविणे, यास लष्करी हस्तक्षेप म्हणतात. १९४५ नंतर या विषयात कायद्याच्या दृष्टीने फारशी संदिग्धता उरलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील दुसऱ्या अनुच्छेदाच्या चौथ्या परिच्छेदाने कोणत्याही राष्ट्राच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध वा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर करणे किंवा तशी धमकी देणे निषिद्ध ठरविले आहे. त्याला अपवाद दोनच : सशस्त्र आक्रमण झाल्यास स्वसंरक्षण (अनुच्छेद ५१) आणि सुरक्षा परिषदेने सातव्या प्रकरणान्वये दिलेली अनुज्ञा. नियम असा सुस्पष्ट असूनही एकाच प्रकारच्या कृतीला कधी आक्रमण, कधी साहाय्य, तर कधी मुक्ती अशी नावे मिळत गेली, आणि हे नामकरण बव्हंशी कृती कोणी केली यावरून ठरले. बड्या राष्ट्रांच्या या दुटप्पी भूमिकेचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे.

ही प्रवृत्ती सनदेहून जुनी आहे. नेपोलियनच्या पाडावानंतर ऑस्ट्रिया, रशिया व प्रशिया यांनी १८२० मध्ये ट्रोपाऊ येथे असे घोषित केले, की क्रांतीने सत्तेवर आलेल्या राजवटी युरोपात चालू दिल्या जाणार नाहीत. त्यानुसार १८२१ मध्ये ऑस्ट्रियाचे सैन्य नेपल्समध्ये व १८२३ मध्ये फ्रान्सचे सैन्य स्पेनमध्ये उतरले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष जेम्स मन्‍रो यांनी त्याच वर्षी युरोपीय सत्तांनी अमेरिका खंडात ढवळाढवळ करू नये असे बजावले. हस्तक्षेपाविरुद्धच्या या तत्त्वाला थीओडोर रूझवेल्ट यांनी १९०४ मध्ये एक पुरवणी जोडली, आणि शेजारच्या दुर्बल राष्ट्रांत पोलिसाचे काम करण्याचा अधिकार अमेरिकेकडे असल्याचे सांगितले. पुढील तीस वर्षांत निकाराग्वा, हैती व डोमिनिकन प्रजासत्ताक येथे अमेरिकी नौसैनिकांचे दीर्घकाळ ठाणे पडले.

भारतीय वाचकास यातील तर्कशास्त्र अपरिचित नाही. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला आणि १८०३ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या संगिनींच्या आधाराने तो पुण्यास परतला. इंग्रजांचे सैन्य त्याच्या ‘निमंत्रणा’वरून आले होते, ही गोष्ट कागदोपत्री अगदी खरी होती. ‘शासनाच्या विनंतीवरून’ हा शब्दप्रयोग पुढे बूडापेस्ट व काबूल येथेही वापरण्यात आला, तेव्हा त्याला दीडशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा होती. जॉन स्ट्यूअर्ट मिल या उदारमतवादी विचारवंताने १८५९ मध्ये अहस्तक्षेपावर लिहिलेला निबंधही या दृष्टीने उद्‍बोधक आहे. सुसंस्कृत राष्ट्रांनी एकमेकांच्या कारभारात पडू नये असे सांगतानाच, रानटी समाजांना हा नियम लागू पडत नाही असे तो म्हणतो आणि अयोध्येच्या विलीनीकरणाचे समर्थन करतो. मिलने ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत पस्तीस वर्षे नोकरी केली होती, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या दुटप्पीपणाची पहिली ठळक नोंद ग्वातेमालाच्या प्रकरणात झाली. तेथील अध्यक्ष हाकोबो आर्बेन्स यांनी १९५२ मध्ये जमीनसुधारणा कायदा करून युनायटेड फ्रूट कंपनीची पडीक जमीन ताब्यात घेतली. जून १९५४ मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने उभारलेली व विमाने पुरविलेली एक लहानशी फौज होंडुरासमधून देशात शिरली. ग्वातेमालाने सुरक्षा परिषदेकडे दाद मागितली, पण २५ जून रोजी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याचा प्रस्तावच चार विरुद्ध पाच मतांनी फेटाळण्यात आला. त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद अमेरिकेचे प्रतिनिधी हेन्‍री कॅबट लॉज यांच्याकडे होते. ब्रिटन व फ्रान्स तटस्थ राहिले. दोन दिवसांनी आर्बेन्स यांनी राजीनामा दिला.

सुएझ आणि हंगेरी : १९५६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील दोन आठवड्यांइतका या विषयाचा बोलका पुरावा अन्यत्र क्वचितच सापडेल. ईजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्दुल नासर यांनी २६ जुलै रोजी सुएझ कालवा कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. ऑक्टोबरच्या अखेरीस पॅरिसजवळील सेव्हर येथे ब्रिटन, फ्रान्स व इझ्राएल यांच्या प्रतिनिधींनी एक गुप्त करार केला. इझ्राएलने सिनाईवर चढाई करावी आणि मग ब्रिटन-फ्रान्सने दोन्ही पक्षांना कालव्यापासून दूर हटण्याचा निर्वाणीचा खलिता देऊन, शांतता राखण्याच्या मिषाने कालवा ताब्यात घ्यावा, अशी ती योजना होती. त्याप्रमाणे २९ ऑक्टोबरला इझ्राएलचे सैन्य सिनाईत शिरले, ३० तारखेस खलिता देण्यात आला आणि ३१ तारखेस ब्रिटिश विमानांनी ईजिप्तच्या विमानतळांवर बाँबवर्षाव सुरू केला. सुरक्षा परिषदेत ३० ऑक्टोबरला अमेरिकेने मांडलेला ठराव ब्रिटन व फ्रान्स यांनी नकाराधिकाराने हाणून पाडला. ब्रिटनने हा अधिकार वापरण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या ठरावाच्या बाजूने अमेरिकेबरोबर सोव्हिएट संघानेही मत दिले.

इकडे बूडापेस्टमध्ये २३ ऑक्टोबरला विद्यार्थी व कामगार रस्त्यावर उतरले होते. इम्रे नॉज यांचे नवे शासन अधिकारावर आले. त्याने १ नोव्हेंबर रोजी वॉर्सा करारातून बाहेर पडण्याची व तटस्थतेची घोषणा करून संयुक्त राष्ट्रांकडे संरक्षण मागितले. सोव्हिएट शासनाने ३० ऑक्टोबरला एक निवेदन काढून समाजवादी राष्ट्रांच्या समानतेची व सार्वभौमत्वाची ग्वाही दिली होती. दुसऱ्याच दिवशी मॉस्कोत हंगेरी चिरडण्याचा निर्णय झाला आणि ४ नोव्हेंबरच्या पहाटे रणगाडे राजधानीत घुसले. यानोश कादार यांच्या नव्या ‘क्रांतिकारक कामगार-शेतकरी शासना’ने साहाय्याची विनंती केली आहे, असे जगाला सांगण्यात आले. हे शासन अस्तित्वात आले ते याच सैन्याच्या छत्राखाली. सुमारे अडीच हजार हंगेरियन मृत्युमुखी पडले आणि जवळजवळ दोन लाख लोक देश सोडून गेले. नॉज यांना १९५८ मध्ये फाशी देण्यात आली.

आता या दोन घटनांवरील मतदान शेजारीशेजारी ठेवून पाहावे. आमसभेच्या तातडीच्या पहिल्या विशेष अधिवेशनाने २ नोव्हेंबरला ईजिप्तमधील युद्ध थांबविण्याचा ठराव ६४ विरुद्ध ५ मतांनी संमत केला. सोव्हिएट संघ ठरावाच्या बाजूस होता आणि ईजिप्तच्या सार्वभौमत्वाविषयी तळमळीने बोलत होता. दोनच दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, हंगेरीतून सोव्हिएट सैन्य मागे घ्यावे असा ठराव ५० विरुद्ध ८ मतांनी संमत झाला. त्याच्या बाजूने ब्रिटन व फ्रान्स यांनी मत दिले. त्यांची आरमारे त्या क्षणी पोर्ट सैदच्या दिशेने निघालेली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे छत्रीधारी सैनिक ईजिप्तच्या भूमीवर उतरले. त्याच ५ नोव्हेंबरला सोव्हिएट पंतप्रधान बुल्गानिन यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून, ईजिप्तवरील आक्रमण थांबविण्यासाठी दोन्ही देशांनी संयुक्त लष्करी कारवाई करावी असे सुचविले. बूडापेस्टमधील गोळीबार तेव्हा थांबलेला नव्हता.

अध्यक्ष आयझेनहौअर यांनी आपल्या मित्रराष्ट्रांना पाठीशी घातले नाही, याबद्दल त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. पौंडाची घसरण होत असता ब्रिटनला मिळू शकणारी आर्थिक मदत अमेरिकेने रोखून धरली. ६ नोव्हेंबरला युद्धबंदी झाली आणि २२ डिसेंबरला ब्रिटिश-फ्रेंच सैन्य पूर्णपणे निघून गेले. हंगेरीच्या बाबतीत मात्र याच अमेरिकेने निषेधापलीकडे काही केले नाही. तिच्या पैशावर चालणाऱ्या नभोवाणी केंद्राने बंडखोरांच्या आशा पल्लवित केल्या होत्या, ही गोष्ट हंगेरियन लोक पुष्कळ वर्षे विसरले नाहीत. संयुक्त राष्ट्रांचा अधिकार ईजिप्तमध्ये चालला आणि हंगेरीत चालला नाही, याचे कारण तत्त्वांत नसून साधनांत होते. ब्रिटन पौंडाच्या दोरीने बांधलेला होता, तर सोव्हिएट संघावर ओढण्यासारखी दोरी कोणाच्याच हाती नव्हती. नियमाचे पालन अशा रीतीने बड्या राष्ट्रांपैकी तुलनेने दुबळ्यांकडूनच होते.

भारताची भूमिकाही येथे निर्दोष नव्हती. सुएझवरील आक्रमणाचा पंडित नेहरूंनी तत्काळ व कठोर शब्दांत निषेध केला. हंगेरीविषयी मात्र ४ नोव्हेंबरच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, आणि ९ नोव्हेंबरच्या पाच राष्ट्रांच्या ठरावाविरुद्ध व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सोव्हिएट गटाबरोबर मत दिले. त्या ठरावात हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घेण्याचे कलम होते. काश्मीरमध्ये सार्वमताची मागणी उभी असताना भारताला ते पसंत पडणे शक्य नव्हते. जयप्रकाश नारायण प्रभृतींनी देशात टीका केली. त्यानंतर नेहरूंनी लोकसभेत हा राष्ट्रीय उठाव असल्याचे मान्य केले, आणि २१ नोव्हेंबरला श्रीलंका (तत्कालीन सिलोन) व इंडोनेशिया यांच्यासह भारताने निरीक्षकांना हंगेरीत प्रवेश द्यावा असा ठराव मांडला. परंतु अलिप्ततेच्या तराजूला एका बाजूस कल आहे, असा पाश्चात्त्यांचा समज त्या मतदानाने दृढ झाला तो कायमचाच.

गोवा (१९६१) : पाच वर्षांनी आरोपीच्या जागी भारतच उभा राहिला. १५१० पासून पोर्तुगालच्या ताब्यात असलेला गोवा पोर्तुगालचा ‘सागरपार प्रांत’ असल्याचे लिस्बनचे म्हणणे होते. आमसभेने डिसेंबर १९६० मध्ये ते अमान्य करून या प्रदेशांची गणना परतंत्र प्रदेशांत केली होती. महाराष्ट्रातून व इतर प्रांतांतून गेलेल्या सत्याग्रहींवर १९५५ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा पाश्चात्त्य राष्ट्रांनी पोर्तुगालला दटावले नव्हते. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पतकरली. सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांचा भारतीय सैन्य मागे घेण्याविषयीचा ठराव सात विरुद्ध चार मतांचा होता. सोव्हिएट नकाराधिकाराने तो बारगळला. सिलोन, लायबीरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक यांनीही विरोधी मत दिले. अमेरिकेचे प्रतिनिधी अड्‍लाई स्टीव्हन्सन यांनी, बळाच्या अशा वापराने संयुक्त राष्ट्रांच्या अंताचा प्रारंभ होऊ शकतो, या आशयाचे भाषण केले. हेच स्टीव्हन्सन त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, क्यूबाच्या पिग्झ उपसागरावरील चढाईच्या पूर्वसंध्येस, क्यूबावर झालेल्या विमानहल्ल्यांशी अमेरिकेचा संबंध नाही असे त्याच संस्थेत सांगत होते. त्यांना स्वतःच्या शासनाने अंधारात ठेवले होते, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

गोव्याविषयी भारतीय लेखनात क्वचितच आढळणारी एक गोष्ट येथे सांगणे इष्ट ठरेल. वसाहतवाद हे अखंड चालू असलेले आक्रमणच होय, हा भारताचा युक्तिवाद नैतिक दृष्ट्या बळकट होता आणि आशिया-आफ्रिकेतील राष्ट्रांना तो पटला. तथापि सनदेतील दोन अपवादांत तो बसत नव्हता, आणि हे भारताच्या प्रतिनिधीसही ठाऊक होते. पोर्तुगालने १९७४ च्या क्रांतीनंतर त्याच वर्षाच्या अखेरीस करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले आणि हा वाद संपला.

साठोत्तर दशकात दोन्ही महासत्तांनी आपापल्या प्रभावक्षेत्रासाठी जवळजवळ एकसारखे सिद्धांत मांडले. अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात वीस हजारांहून अधिक सैनिक उतरविले आणि पश्चिम गोलार्धात आणखी एक साम्यवादी शासन येऊ दिले जाणार नाही असे जाहीर केले. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९६८ मध्ये, वॉर्सा कराराच्या सैन्याने चेकोस्लोव्हाकिया व्यापला. समाजवादी देशाचे सार्वभौमत्व समाजवादी समूहाच्या हितसंबंधांहून श्रेष्ठ नाही, हा ब्रेझन्येव्ह यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत त्यातून पुढे आला. सुरक्षा परिषदेत निषेधाच्या ठरावावर भारत पुन्हा तटस्थ राहिला. या प्रश्नावरून अशोक मेहता यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. १९७१ मध्ये पूर्व बंगालातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आल्यावर जे युद्ध झाले, त्याच्या तहकुबीचा ठराव आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी संमत केला. पाकिस्तानी सैन्याने त्याआधी नऊ महिने चालविलेल्या हत्याकांडाबद्दल असा एकही ठराव झाला नव्हता.

कंबोडिया आणि युगांडा : १९७९ च्या पहिल्या चार महिन्यांत दोन जुलमी राजवटी शेजारी देशांच्या सैन्याने उलथून टाकल्या. व्हिएटनामच्या फौजांनी ७ जानेवारीला नॉम पेन्ह घेतले. पॉल पॉट यांच्या पावणेचार वर्षांच्या राजवटीत पंधरा ते वीस लाख लोक ठार झाले वा उपासमारीने मेले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. टांझानियाच्या फौजांनी ११ एप्रिलला कांपाला जिंकून इदी अमीन यांना पळवून लावले. दोन्ही प्रकरणांत सरहद्दीवरील आगळीक प्रथम पाडाव झालेल्या राजवटीनेच केली होती, आणि दोन्हीकडे विजयी सैन्य स्वसंरक्षणाच्या गरजेहून पुष्कळ पुढे गेले. युगांडाच्या प्रकरणी संयुक्त राष्ट्रांनी निषेधाचा ठराव केला नाही. कंबोडियाच्या प्रकरणी मात्र व्हिएटनामच्या निषेधाचे ठराव वर्षानुवर्षे होत राहिले, आणि सप्टेंबर १९७९ मध्ये आमसभेने ७१ विरुद्ध ३५ मतांनी कंबोडियाची जागा पॉल पॉट यांच्या पदच्युत शासनाकडेच ठेवली. अमेरिका, ब्रिटन व चीन यांची मते त्या बाजूला होती. चीनने तर फेब्रुवारीत व्हिएटनामला ‘धडा शिकविण्यासाठी’ स्वतःच आक्रमण केले होते. अमीन यांना लिबियाखेरीज कोणी मित्र उरला नव्हता; व्हिएटनाम मात्र सोव्हिएट संघाचा मित्र होता. दोन घटनांच्या मूल्यमापनातील अंतराचे याहून वेगळे स्पष्टीकरण देता येत नाही. मानवी हक्कांच्या दृष्टीने पाहता कंबोडियातील हस्तक्षेपाने वाचलेल्या जिवांची संख्या अधिक होती.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएट सैन्य अफगाणिस्तानात गेले. निमंत्रण अफगाण शासनाचे असल्याचे सांगण्यात आले, पण त्या शासनाचे प्रमुख हफीजुल्ला अमीन यांना या पाहुण्यांनीच ठार केले. आमसभेने जानेवारी १९८० मध्ये १०४ विरुद्ध १८ मतांनी सैन्य मागे घेण्याची मागणी केली. भारत तटस्थ होता. पुढे ऑक्टोबर १९८३ मध्ये अमेरिकेने ग्रेनेडा या चिमुकल्या बेटावर सैन्य उतरविले, तेव्हा आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी त्याचा निषेध केला. दोन्ही वेळा सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला गेला. फक्त हात बदलला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २७ जून १९८६ रोजी निकाराग्वाच्या दाव्यात अमेरिकेविरुद्ध निर्णय दिला आणि दुसऱ्या देशातील विरोधी गटांना शस्त्रबळ पुरविणे हे अहस्तक्षेपाच्या तत्त्वाचे उल्लंघन होय असे स्पष्ट केले. निर्णयाच्या अंमलबजावणीचा ठराव अमेरिकेने ऑक्टोबरमध्ये नकाराधिकाराने रोखला.

सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर (१९९१) समर्थनाची भाषा बदलून मानवतावादी झाली. नाटो संघटनेने मार्च १९९९ पासून ७८ दिवस यूगोस्लाव्हियावर बाँबवर्षाव केला. कोसोव्होतील अल्बेनियन लोकांवरील अत्याचार खरे होते. सुरक्षा परिषदेची अनुज्ञा मात्र नव्हती. इराकवरील २००३ च्या स्वारीलाही ती नव्हती, आणि तेथे असल्याचे सांगितलेली संहारक अस्त्रे सापडली नाहीत. लिबियाबाबत २०११ मध्ये परिषदेने नागरिकांच्या रक्षणासाठी अनुज्ञा दिली. भारतासह पाच राष्ट्रे तटस्थ राहिली. त्या कारवाईची परिणती राजवट उलथण्यात झाल्यावर, आपली फसवणूक झाली असे रशिया व चीन म्हणू लागले आणि सिरियाविषयीचे ठराव त्यांनी एकामागून एक अडविले. आपल्या लाभाचा अपवाद निर्माण करताना तो प्रतिस्पर्ध्यासही उपलब्ध होतो, याची जाणीव पाश्चात्त्य राष्ट्रांना उशिरा झाली. कोसोव्हो हे अनन्यसाधारण प्रकरण असून त्याचा दाखला इतरत्र देता येणार नाही, असे त्यांनी वारंवार बजावले होते. रशियाने २००८ मध्ये जॉर्जियाचे दोन प्रांत स्वतंत्र राष्ट्रे म्हणून मान्य केले, आणि मार्च २०१४ मध्ये क्रिमिया जोडून घेताना अध्यक्ष पूतिन यांनी आपल्या भाषणात नेमका कोसोव्होचाच दाखला दिला. अण्वस्त्रे सोडून देणाऱ्या युक्रेनच्या सरहद्दींचा मान राखण्याचे वचन रशियाने १९९४ मध्ये बूडापेस्ट येथे ज्या लेखाने दिले होते, त्याचा त्या भाषणात आधार घेण्यासारखे काही नव्हते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन सैन्याने युक्रेनवर अनेक बाजूंनी चढाई केली. दुसऱ्या दिवशी सुरक्षा परिषदेतील ठराव रशियाने नकाराधिकाराने पाडला. परिषदेचे अध्यक्षपद त्या महिन्यात रशियाकडेच होते. आमसभेने २ मार्चला १४१ विरुद्ध ५ मतांनी निषेध केला आणि ३५ राष्ट्रे तटस्थ राहिली. त्यांत भारत होता. आशिया-आफ्रिकेतील अनेक राष्ट्रांनी ठरावाच्या बाजूने मत दिले, तरी आर्थिक निर्बंधांत सामील होण्यास नकार दिला आणि चर्चेत इराकची आठवण करून दिली. ही आठवण रास्त होती. युक्रेनच्या नागरिकांना मात्र तिचा काही उपयोग नव्हता.

सनदेच्या २७ व्या अनुच्छेदानुसार वादातील पक्षाने मतदानापासून दूर राहावयाचे असते, परंतु हे बंधन शांततामय तडजोडीच्या ठरावांपुरतेच आहे; बळाच्या वापराचा प्रश्न आला की आरोपीस न्यायाधीशाचे मत मिळते. ही तरतूद बदलण्यास पाचही कायम सदस्यांची संमती लागते. फ्रान्स व मेक्सिको यांनी २०१५ मध्ये सामूहिक हत्याकांडाच्या प्रसंगी कायम सदस्यांनी स्वेच्छेने नकाराधिकार वापरू नये अशी सूचना पुढे आणली. आमसभेने २६ एप्रिल २०२२ रोजी असा ठराव केला, की सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला गेल्यास कामकाजाच्या दहा दिवसांत आमसभेची बैठक बोलाविण्यात यावी आणि तो वापरणाऱ्या राष्ट्राचे नाव वक्त्यांच्या यादीत अग्रक्रमाने घालावे. हा ठराव मतदानावाचून संमत झाला. त्या राष्ट्राने बोललेच पाहिजे, असे बंधन त्यात नाही.